देशाचं प्रगतिपुस्तक इतक्यात भरू नकोस

चि.,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. स्टुटगार्टला येऊन महिना होतोय न होतोय तोच तू जर्मनीचं प्रगतिपुस्तक भरून मोकळा झालास! रस्त्यात हॉर्न नाही, नळाचं पाणी तसंच पिता येतं, साहेब पाच वाजता आपणहून लॅपटॉप मिटतो, गाड्या वेळेवर. (गाड्यांचे मार्क तेवढे राखून ठेव. लांब पल्ल्याच्या गाडीने एकदा हॅम्बुर्गला जाऊन ये, मग बोलू.) आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं, 'घरच्यांना मात्र अजून करमत नाही.' मला त्या एका वाक्याबद्दलच लिहायचंय.

तू जे पाहिलंस ते ऑफिस आहे रे. तिथे इंग्रजी चालतं, अर्धी टीम पुण्या-बंगळूरची, अडलं तर एचआरची बाई फॉर्म भरून देते. तू संध्याकाळी घरी येतोस तोवर सूनबाई दिवसभर खऱ्या जर्मनीशी दोन हात करून बसलेली असते. पार्सलवाला शेजाऱ्याचं खोकं हातात कोंबून जातो, मुलांच्या डॉक्टरकडची बाई 'नवीन पेशंट घेत नाही' म्हणून फोन ठेवते, प्लास्टिकच्या डब्यात काच कशी गेली म्हणून वरच्या मजल्यावरच्या आजी हटकतात. आणि हे सगळं जर्मनमध्ये. तिचं मत तुझ्याइतकं गोड कुठून असणार?

ब्लू कार्डवाल्याच्या (म्हणजे तुझ्यासारख्या, शिकून-सवरून नोकरीसाठी आलेल्या परदेशी माणसाला मिळणारा परवाना) जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्या आल्या नोकरी करायची मुभा असते. सवलती दोन्ही चांगल्या, पण भाषेवाचून ती मुभा उंबऱ्याच्या आतच राहते. चिंचवडला बँकेत कर्जाच्या फायली हातावेगळ्या करणारी मुलगी इथे बेकरीत बोट दाखवून पाव मागते. मीही नवऱ्यामागून आले होते, म्हणून सांगते, हे फार लागतं. तेव्हा आधी तिचा भाषेचा वर्ग. फोल्क्सहोखशूलं म्हणजे गावोगावची लोकशाळा, तिथे ए-१पासून, म्हणजे अगदी पहिल्या पायरीपासून वर्ग असतात, सकाळचेही मिळतात. तूही शिकच, पण पैसा किंवा वेळ एकालाच पुरणार असेल तर पहिला नंबर तिचा. तुझं ऑफिस जर्मनवाचून चालतं, तिचा दिवस चालत नाही. कचेरीत सोबत गेलास तरी खिडकीपुढे तिला उभी राहू दे. ती अडखळली की लगेच मध्ये तोंड घालू नकोस.

टपालाचं काम मात्र तू घे. इथे सरकार पत्रातून बोलतं. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत घरमालकाचा दाखला घेऊन पत्त्याची नोंदणी करायची, ती तू केलीस म्हणालास. पण लेटरबॉक्सवर नाव लावलंस का? आणि सूनबाईने माहेरचं आडनाव ठेवलंय, तेही लाव. नाव नसलं की पोस्टमन पत्र परत नेतो, मग कर क्रमांकाची वाट बघत बसशील. थोड्याच दिवसांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, घरटी महिना 18.36 युरो. घरात टीव्ही नसला तरी भरायचे असतात. जाहिरात समजून फेकू नकोस, बरेच जण फेकतात आणि मग दंडासकट भरतात. पिवळं पाकीट, म्हणजे सरकारी कचेरीची किंवा कोर्टाची नोटीस, आलं तर त्यावर पोस्टमनने तारीख घातलेली असते, मुदत तिथून मोजतात. ते त्याच दिवशी उघड.

आता तुझी ती तक्रार. 'दारावर कुणीतरी पाटी अडकवून गेलं, आम्ही घाण करतो असं वाटतं की काय यांना?' अरे, ती केअरवोखेची पाटी! या भागाची खासियत आहे. या आठवड्यात जिना झाडायची-पुसायची पाळी तुमची, एवढाच तिचा अर्थ. तुझी झाली की पुढच्या दारावर तू अडकवायचीस. महापालिकेने 1988 साली सक्ती काढली, पण भाडेकरारात ती अजून ठाण मांडून आहे, तुझ्याही करारात सापडेल. एकदा शनिवारी सकाळी बादली-पोछा घेऊन दोघंही जिन्यात उतरा. घाईने नाही, सावकाश. रेलिंगही पुसा. वरच्या आजी पिशव्या घेऊन येतील, थांबतील, कोपरा राहिला तर दाखवतील, आणि मग नाव-गाव विचारतील. आपल्याकडे नवं बिऱ्हाड आलं की शेजारीण चहा घेऊन येते. इथे नव्याने आलेल्यानेच जाऊन बेल वाजवायची आणि नाव सांगायचं. तुम्ही घरात वाट बघताय आणि शेजारी म्हणतायत, काय माणसं आहेत, साधी ओळखही द्यायला आली नाहीत. तुझ्या पत्रातलं 'लोक थंड आहेत' यातलं निम्मं इथून आलंय, असं माझं मत.

लेकीचं तू 'मुलं पटकन रुळतात' एवढ्यावर आटोपलंस. रुळतात, पण आधी गप्प होतात. तिला भाषेच्या तयारीच्या वर्गात घातलंय ते योग्यच आहे. घरी आल्यावर 'आज किती शब्द शिकलीस' हे विचारणं बंद कर. मराठीत भरपूर बडबडू दे. वर्षभरात ती तुमच्यापेक्षा बरी जर्मन बोलेल. तेव्हा मोह होईल, पण डॉक्टरकडे किंवा घरमालकाशी बोलायला तिला दुभाषी म्हणून पुढे करू नका. आठ वर्षांच्या पोरीने आईच्या दुखण्याचं भाषांतर करायचं नसतं. 11 नोव्हेंबरच्या सुमारास मुलं कागदी कंदील घेऊन गात फिरतात, तिच्या शाळेची मिरवणूक कधी आहे ते विचार आणि तिघंही जा. ऑफिसातून लवकर निघ. साहेब नाही म्हणणार नाही, तूच लिहिलंयस.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातील. मग घरचं अंतर साडेतीनऐवजी साडेचार तास. आईला फोन करायची वेळ बदलून तिला तसं सांगून ठेव, ती जागत बसते. डिसेंबरात साडेचारला अंधार होतो. त्या दिवसांत 'परत जाऊ' हा विषय कुणीही काढला तरी ऐकून घे, वाद घालू नकोस. निर्णय मे महिन्यावर ढकल. प्रत्येकाने आपापलं मत वेगळं सांगायचं आणि तू सगळ्यात शेवटी बोलायचंस.

नाताळच्या सुट्टीत दोन दिवस उल्मला या. श्रीखंड करते, इथल्या क्वार्कचं चक्क्याइतकंच छान होतं, फडक्यात बांधून टांगायचीही गरज नाही. गोडा मसाला मात्र माझा संपलाय. आईने दिलेल्यातला थोडा आण.

तुझी,
मावशी