ती अर्धी गोळी कुठली आहे?

ताई, मला पंचविसावा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ. मायग्रेन कॉलेजपासूनचं आहे. प्रेग्नन्सीत कमी होतं असं सगळे म्हणायचे पण माझं तर वाढलंय, हल्ली दिवसाआड दुखतंच. एकाच बाजूने ठणकतं, उजेड नकोसा होतो, उलट्या होतात. नवरा खूप करतो, खरंच. पडदे ओढतो, कपाळावर ओल्या कपड्याची घडी ठेवतो, ऑफिसला फोन करून माझी सुट्टीसुद्धा तोच कळवतो. त्याने यावर भरपूर वाचलंय, त्याचं म्हणणं की प्रेग्नन्सीत कुठलीच गोळी सेफ नसते, बाळासाठी थोडं सहन कर, मी आहे ना. मीही करते सहन (अगदीच अशक्य झालं तर जुन्या स्ट्रिपमधली अर्धी घेते). स्कॅन नॉर्मल आलंय, डॉक्टर म्हणाल्या सगळं छान आहे. प्रॉब्लेम असा की मला हल्ली नवऱ्याचा प्रचंड राग येतो. तो डोकं चेपत असतो आणि मला त्याचा हात झटकून टाकावासा वाटतो. इतकं प्रेम करणाऱ्या माणसाचा राग येतो म्हणजे माझ्यातच काही बिघडलंय का? हे हार्मोन्समुळे आहे की मीच वाईट आहे? असं असेल तर मी आई व्हायच्या लायकीची तरी आहे का? (नाव छापू नका.)

*

अगं, रागाचं सांगते, पण आधी तो कंस.

नवऱ्याने पडदे कसे ओढले ते तू नीट लिहिलंस आणि गोळीचं मात्र कंसात एका ओळीत उरकलंस, मी तिथे थांबले आणि पत्र परत पहिल्यापासून वाचलं. कुठली गोळी, त्यात काय काय आहे, कधीची आहे, महिन्यातून किती वेळा घेतेस, काही नाही. डॉक्टर सगळं छान म्हणाल्या असं लिहितेस, पण त्यांना या गोळीचं माहीत आहे का? मला तर वाटतंय नाही. कदाचित मायग्रेनचंही धड माहीत नसेल, कारण तपासणीच्या दिवशी नेमकं डोकं दुखत नसतं, मग विषय निघत नाही, आणि शेजारच्या खुर्चीत नवरा बसलेला असताना गोळीचा विषय तू काढणार तरी कशी.

तर माझं सांगणं एकच आहे. आज डॉक्टरांना फोन करायचा आणि त्या स्ट्रिपच्या मागे जे छापलंय ते वाचून दाखवायचं. एवढं पटलं असेल तर इथेच थांब, फोन कर, बाकीचं नंतर वाच. मी एवढा हट्ट का धरतेय ते पुढे लिहिते.

अर्धी घेतली म्हणजे धोका अर्धा झाला, असं औषधांचं नसतं गं. मायग्रेनच्या काही जुन्या कॉम्बिनेशन गोळ्यांमध्ये एर्गोटामीन असतं, त्याच्यासोबत कॅफीन वगैरे मिसळलेलं असतं. एर्गोटामीनने रक्तवाहिन्या आवळल्या जातात, गर्भाशय आकुंचन पावू शकतं, वारेतून बाळाकडे जाणारं रक्त कमी होऊ शकतं, म्हणून प्रेग्नन्सीत ते द्यायचंच नाही असं ठरलेलं आहे, मग ते अर्धं असो की पाव. तुझी गोळी आयब्युप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, डायक्लोफिनॅक या वेदनाशामकांमधली असेल तर ती गोष्ट वेगळी. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, २०२० मध्ये स्पष्ट सांगितलंय की २० आठवड्यांनंतर ही औषधं टाळावीत, कारण बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, आणि तुझा तर पंचविसावा चालू आहे. आणि समजा ते नुसतं पॅरासिटामॉल निघालं, तर ते डॉक्टर स्वतःच सगळ्यात आधी देतात, म्हणजे तू पूर्ण घेता येण्यासारखं औषध चोरून अर्धं घेतलंस आणि उरलेलं दुखणं उगाच अंगावर काढलंस. तीन वेगवेगळ्या गोळ्या आणि तिन्हींचं उत्तर वेगळं, आणि यातली तुझी कुठली ते ना मला माहीत ना तुझ्या डॉक्टरांना.

आणि तोडतेस कशी? मधे रेघ नसलेली गोळी नखाने तोडली की एक तुकडा मोठा एक छोटा होतो, थोडा चुरा बोटाला लागतो, आणि अर्धी अर्धी म्हणून कधी पाऊण जाते कधी पाव. दुसरा तुकडा परत फॉइलमध्ये दाबून ठेवत असशील पुढच्या वेळेसाठी. स्ट्रिप जुनी म्हणतेस, तर तारीख बघ जरा, कडेला छापलेली असते आणि बऱ्याचदा गोळ्या काढताना नेमकी तीच कड फाटून गेलेली असते. अंधारात, डोकं फुटायची वेळ आलेली असताना, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून हळूच फॉइल उघडणारी तू मला डोळ्यांसमोर दिसतेयस आणि खरं सांगते, वाईट वाटतंय, आणि चीडही येतेय, थोडी तुझी पण आणि जास्त करून ज्याच्यामुळे तुला हे चोरून करावं लागतंय त्याची.

दुसरं म्हणजे ते दिवसाआड दुखणं. प्रेग्नन्सीत मायग्रेन कमी होतं हे लोक उगाच म्हणत नाहीत, पहिले तीन महिने कधीकधी जास्त होतं पण नंतर इस्ट्रोजेन या हार्मोनचा दर महिन्याचा चढ-उतार थांबतो आणि बऱ्याच जणींना खरंच आराम पडतो. सगळ्यांना नाही, काहींचं तसंच राहतं, काहींचं वाढतं. तुझं वाढलंय, आणि दुखलं की अर्धी असं चालू असेल तर त्या गोळीकडेच आधी बघायला हवं, कारण दुखणं थांबवणारी गोळी सारखी घेतली की ती स्वतःच डोकेदुखी चालू ठेवते. साधी वेदनाशामक महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, कॉम्बिनेशनवाली १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की डॉक्टर हा संशय घेतात. दिवसाआडचे महिन्याला किती होतात ते तूच मोज. मला वाटतं तू मुद्दाम मोजलेलं नाहीयेस, मोजलं की कबूल करावं लागतं.

आणि तिसरं, ज्याच्यामुळे मी "पुढच्या तपासणीला सांग" असं म्हणत नाहीये. विसाव्या आठवड्यानंतरची सगळीच डोकेदुखी मायग्रेन नसते. प्रीएक्लॅम्पसिया नावाचा बीपीचा त्रास साधारण याच काळात सुरू होतो, त्यातही डोकं दुखतं, आणि ज्यांना आधीपासून मायग्रेन आहे त्यांना तो व्हायची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्तच असते. म्हणजे तुझ्या डॉक्टरांना तुझ्या डोकेदुखीची बातमी हवीच आहे, आणि तू ती देत नाहीयेस! वर्षानुवर्षं मायग्रेन असलेल्या बाईचा घात इथेच होऊ शकतो, दुखलं की "नेहमीचंच आहे" म्हणून ती पडून राहते. तर हे नीट वाच. दुखणं नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, डोळ्यांपुढे अंधुक झालं किंवा ठिपके दिसायला लागले, बरगड्यांच्या खाली उजव्या बाजूला दुखलं, चेहरा किंवा हात अचानक सुजले, बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं, तर त्याच वेळी हॉस्पिटल, रात्रीचे दोन वाजले असले तरी. एका मिनिटाच्या आत एकदम शिगेला पोचलेली डोकेदुखी, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, फिट येणं, तापासोबत मान आखडणं, यातलं काहीही झालं तरी तेच. बाळंतपणानंतरचे सहा आठवडेसुद्धा हे लक्षात ठेवायचं, तेव्हा सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं आणि आईची डोकेदुखी जागरणाच्या खात्यात जाते.

आता नवरा. तू विचारलंस राग का येतो, मला विचारशील तर यायलाच हवा. तो पडदे ओढतो, कपाळावर घडी ठेवतो, चांगलंच आहे, अंधार आणि गार कपडा मायग्रेनमध्ये खरंच बरा वाटतो. पण सुट्टी तो कळवतो, वाचतो तो, आणि कुठली गोळी घ्यायची नाही हेही तोच ठरवतो, डोकं तेवढं तुझं. त्याने भरपूर वाचलंय असं लिहिलंस, डॉक्टरांना विचारलंय असं कुठेच लिहिलेलं नाहीस. गोड आवाजात सांगितलं म्हणून "सहन कर" हा काही इलाज होत नाही. दिवसाआड उलट्या, पोटात पाणी टिकत नाही, झोप नाही, जेवण अर्धवट, हे तुझ्या शरीराला आणि पोटातल्या बाळाला चांगलं आहे असं त्याने कुठे वाचलं ते मला वाचायला आवडेल. गोळी नको म्हणणं म्हणजे धोका टाळणं असं त्याला मनापासून वाटत असेल, वाटू दे, पण न विचारता नको म्हणणं हासुद्धा एक निर्णयच आहे, त्याचे परिणाम तू भोगतेयस आणि वर चोरी करायची वेळ तुझ्यावर आलीय. ज्याच्यापासून लपवावं लागतं त्याचा हात डोक्यावर नको वाटणारच. हार्मोन्सच्या माथी मारू नकोस हे. आणि आई व्हायच्या लायकीचं परत काढायचं नाही, दिवसाआड ठणकणारं डोकं घेऊन दिवस काढणाऱ्या मुलीने तर नाहीच नाही.

कुठलीच गोळी सेफ नसते हेही खरं नाही. पॅरासिटामॉल डॉक्टर देतात, लागेल तेवढंच आणि थोडे दिवस. पॅरासिटामॉलने बाळाला ऑटिझम होतो अशी बातमी नवऱ्याने वाचली असेल, २०२५ मध्ये फार फिरत होती, तर त्याला सांग की २०२४ मध्ये स्वीडनमधल्या जवळपास २५ लाख मुलांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झालाय, त्यात सख्ख्या भावंडांची एकमेकांशी तुलना केली तेव्हा असा संबंध दिसला नाही. उलट्यांसाठी मेटोक्लोप्रामाइड आहे, त्याने मायग्रेनलाही उतार पडतो. पॅरासिटामॉलने भागलं नाही तर सुमाट्रिप्टान आहे, मायग्रेनवरच्या ट्रिप्टान गटातल्या औषधांमध्ये गरोदरपणातली सगळ्यात जास्त माहिती याचीच जमलेली आहे आणि बाळात व्यंग वाढल्याचं त्यात दिसलेलं नाही. डोक्याच्या मागच्या बाजूला नसेजवळ इंजेक्शन देऊन ती बधिर करतात, तोही एक मार्ग आहे. फारच वारंवार होत असेल तर रोज घ्यायचं औषध, तेही डॉक्टर बघून देऊ शकतात. यातलं तुला काय लागू पडेल ते मी ठरवणार नाही आणि तुझा नवराही नाही.

(मध्येच इतर वाचणाऱ्या मुलींसाठी: मायग्रेन होऊ नये म्हणून व्हॅल्प्रोएट किंवा टोपिरामेट चालू असेल आणि बाळाचा विचार असेल, तर दिवस राहण्याच्या आधीच डॉक्टरांशी बोला. या दोन्हींनी बाळात व्यंग होऊ शकतं. आपल्या मनाने एकदम बंदही करू नका.)

उपाशी राहू नकोस, पाणी पीत राहा, झोपेची वेळ सांभाळ, हे तुला बारा जणांनी सांगून झालं असेल म्हणून मी परत सांगत बसत नाही. स्कॅन नॉर्मल आलंय, त्यामुळे आता घाबरून रडत बसायचीही गरज नाही, पण त्या स्कॅनचा आधार घेऊन गोळीचं सांगायचं टाळूही नकोस. डॉक्टर रागावतील अशी भीती असेल तर रागावू देत दोन मिनिटं, त्यांना हे रोजचं आहे, बऱ्याच पेशंट काही ना काही लपवतात हे त्यांना चांगलं ठाऊक असतं.

फोन नवरा घरात नसताना कर हवं तर. सुरुवात जमत नसेल तर हे असंच्या असं बोल: "डॉक्टर, मला कॉलेजपासून मायग्रेन आहे, आता दिवसाआड दुखतंय, उलट्या होतात, आणि मी आधीची एक गोळी अर्धी अर्धी घेतेय, त्यात हे हे आहे, आतापर्यंत अंदाजे इतक्या वेळा झालीय." मोठी मोठी नावं वाचायला अडखळलीस तर स्ट्रिपच्या मागचा फोटो काढून पाठव. बीपी तपासायला आजच येऊ का तेही विचार. त्या काय म्हणाल्या ते नवऱ्याला संध्याकाळी सांग, आणि त्याला शंका असतील तर पुढच्या वेळी सोबत यावं आणि त्यांनाच विचारावं, पण तुझं दुखणं तिथे तू सांगायचं, त्याने नाही. फोन डॉक्टरांनी उचलला नाही तर हॉस्पिटलमधल्या ड्युटी डॉक्टरांना सांग, उद्यावर ढकलू नकोस. आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत त्या स्ट्रिपला हात लावायचा नाही, मधल्या वेळात असह्य दुखलं तर सरळ हॉस्पिटलमध्ये जा, स्ट्रिप सोबत घेऊन.