स्पर्धेसाठी क्रॉलर बांधताना
१/१० प्रमाणातील क्रॉलर, म्हणजे दगडधोंड्यांवर चढणारी रिमोटवरची छोटी गाडी, स्पर्धेसाठी बांधताना अधिक ताकदीच्या मोटरची घाई आपण करू नये. आधी वजन खाली आणि पुढे आणावे. पुढच्या ॲक्सलच्या टोकांना पितळी वजने बसवून बॅटरी पुढे सरकवली, की तीव्र चढावर गाडी मागे उलटण्याचा धोका बराच कमी होतो. टायर मात्र बोटांनी दाबून पाहावाच: आतला फोम इतका मऊ हवा की रबर दगडाच्या कडेला बिलगेल, पण इतकाही नको की आडव्या उतारावर टायर दुमडून गाडी कलंडेल. दगडांत अडकलेले चाक वळवताना सर्व्हो (चाके वळवणारी छोटी मोटर) भरपूर विद्युतप्रवाह ओढतो, म्हणून त्यासाठी वेगळा बीईसी (बॅटरीतून स्थिर व्होल्टेज पुरवणारे सर्किट) जोडावा. खरेदीपूर्वी आपल्या गटाची नियमावली अवश्य वाचावी, कारण अनेक ठिकाणी टायरच्या व्यासावर मर्यादा असते.