आफ्रिकेसाठी लंडनची पदवी, आणि त्यासाठी दोन एकर?

नेवासा तालुक्यातल्या एका पालकांचं पत्र आहे. मुलगा राहुरीला कृषी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला, सीजीपीए ७.९. सप्टेंबर २०२३च्या दिल्ली परिषदेत आफ्रिकन युनियनला जी-२०मध्ये घेतलं, तेव्हापासून 'भारताला आता तिकडे मोठी संधी आहे' असं वडिलांच्या मनात बसलंय. मुलानं लंडनला 'आंतरराष्ट्रीय विकास' विषयात एमए करावं आणि मग युनोत लागावं असं त्यांनी ठरवलंय. खर्च ३८ लाख. दोन एकर बागायत विकायची तयारी आहे. पत्राच्या तळाशी मुलाची एक ओळ: 'मला पंप आणि पाइपलाइनचं डिझाइन आवडतं, पण बाबा म्हणतात ते मेकॅनिकचं काम.'

नमस्कार,

गुणांची काळजी सोडा, ते चांगले आहेत. मला काळजी वाटली ती त्या शेवटच्या ओळीची. दोन पानं तुमची आणि एक ओळ त्याची. परक्या मुलखात राहायचंय त्याला, उन्हातान्हात काम करायचंय त्याला, आणि त्याला काय हवंय हे तुम्ही एकदाही लिहिलेलं नाही. वर दोन एकरांचं ओझं. जमीन विकून परदेशी गेलेल्या मुलाला 'इथं जमत नाही, परत येतो' असं म्हणायची सोय राहत नाही. मग तो मिळेल ते काम धरतो, गोदामात पाळ्या करतो आणि घरी फोनवर सगळं छान चाललंय म्हणून सांगतो. तुम्ही त्याला संधी देताय असं तुम्हाला वाटतं. मला त्यात तुमचीच राहून गेलेली हौस जास्त दिसते. स्पष्ट लिहिलं, राग मानू नका.

आता तुमचा मोठा गैरसमज. आफ्रिकेशी भागीदारी म्हणजे परिषदा, भाषणं आणि युनोची कार्यालयं असं तुम्ही धरून चाललाय. भारताचा पैसा तिकडे जातो तो मुख्यतः सवलतीच्या कर्जातून. तिथलं सरकार आपल्या दूतावासाकडे प्रस्ताव देतं, परराष्ट्र मंत्रालय मंजुरी देतं आणि कर्जाचा करार मुंबईची एक्झिम बँक (आयात-निर्यातीसाठीची सरकारी बँक) करते. मग निविदा निघते ती भारतीय कंपन्यांमध्ये, कारण साधारणपणे ७५ टक्के माल आणि सेवा भारतातूनच घ्यायची अट असते. पैसेही बँक थेट कंत्राटदाराला चुकते करते. सेनेगलच्या भातशेतीसाठी अशाच कर्जातून पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सचे पंप गेले. म्हणजे तुम्ही लंडनमार्गे जी वाट शोधताय ती पुण्या-मुंबईतून निघते, आणि तिच्यावर माणूस लागतो तो पंप, पाइप आणि निविदा कळणारा. विकास क्षेत्रातली पाश्चात्त्य नोकरी तर सध्या आकसली आहे. अमेरिकेनं जुलै २०२५मध्ये यूएसएआयडी ही आपली परदेशी मदतीची संस्था बंद केली. ब्रिटननं मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलंय. दहा-पंधरा वर्षं अनुभव असलेली माणसं अर्ज घेऊन उभी असताना नुसत्या एमएला कोण विचारणार?

आणि 'मेकॅनिकचं काम' म्हणताय ते काय असतं ते ऐका. नदीवरच्या उपसा योजनेत पावसाळ्यातली आणि उन्हाळ्यातली पातळी काही मीटरनी बदलते. पंप पावसाळ्याची पातळी धरून निवडला की उन्हाळ्यात सक्शन लिफ्ट, म्हणजे पंपाला पाणी ओढून घ्यायची उंची, वाढते, कॅव्हिटेशन सुरू होतं, म्हणजे पंपात वाफेचे बुडबुडे होऊन फुटतात, आणि इम्पेलर, म्हणजे पाणी फेकणारं आतलं पात्यांचं चाक, चाळणी होतो. सील, बेअरिंग, इम्पेलरचे दोन वर्षांचे सुटे भाग निविदेतच मागितले नसतील तर ते बोटीनं यायची वाट बघत हंगाम जातो. चालवायचं पुस्तक इंग्रजीत आणि ऑपरेटरला फ्रेंच येतं, हेही ठरलेलं. पाणीपट्टीतून डिझेल-विजेचा खर्च निघत नसेल तर उत्तम पंपसुद्धा दोन हंगामांत बंद पडतो. शिवाय सेनेगल नदी गिनी, माली, मॉरिटानिया आणि सेनेगल अशा चार देशांची. १९७२पासून तिथं खोऱ्याची संयुक्त संघटना आहे आणि मनांताली व दियामा ही धरणं सामाईक मालकीची आहेत. पाणी कुणाला किती सोडायचं यावर शेजाऱ्यांत भांडण होतं की नाही, ते तिथं ठरतं. परिषदांच्या भाषणांत येणाऱ्या 'स्थैर्य' या शब्दाचा जमिनीवरचा अर्थ एवढाच.

यापुढचं थेट मुलासाठी. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प उपसा सिंचनावर घे आणि एक चालू योजना मोजून काढ: स्थिर उंची, घर्षणातला तोटा, प्रत्यक्ष डिस्चार्ज (ठरावीक वेळेत किती पाणी येतं), विजेच्या युनिटमागे किती पाणी. गेट या एमटेकच्या प्रवेश परीक्षेचा कृषी अभियांत्रिकीचा पेपर दे. जल-मृदा विषयात एमटेक झालं तर पुढे आफ्रिकन विकास बँकेच्या यंग प्रोफेशनल्स कार्यक्रमालाही अर्ज करता येतो. तिथं पदव्युत्तर पदवी आणि ३२ वर्षांच्या आतलं वय लागतं, आणि भारत १९८३पासून या बँकेचा सभासद आहे. या बँकेच्या निविदा संकेतस्थळावर असतात. एक पूर्ण वाच. परिमाणपत्रक (कामाच्या मापांची यादी), बयाणा रक्कम, विलंबाचा दंड ही कलमं कळेपर्यंत सोडू नकोस. फ्रेंच आजच सुरू कर. बी-२ पातळीला, म्हणजे कामापुरतं नीट बोलता-लिहिता येण्याला, साधारण ५०० ते ६०० तास लागतात, म्हणजे रोज तास दिला तर साधारण दीड वर्ष. मोझांबिक किंवा अंगोला डोक्यात असेल तर पोर्तुगीज. मग सिंचन किंवा पंपाच्या कंपनीत निर्यात-प्रकल्प विभाग माग, विक्री नव्हे.

परराष्ट्र सेवेसाठी यूपीएससी, युनोसाठी वायपीपी, म्हणजे तिथला यंग प्रोफेशनल्स कार्यक्रम. दुसऱ्यात त्या वर्षीच्या यादीत आपल्या देशाचं नाव असावं लागतं. दोन्हींना लंडनची पदवी लागत नाही. युनो भरतीसाठी कुठल्याच टप्प्यावर पैसे घेत नाही, तेव्हा 'युनोत लावतो' म्हणणारा एजंट भेटला तर फोन ठेवून द्या.

पहिल्यांदा साइटवर जाताना पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची. दाखला आयुष्यभर चालतो. तो नसेल तर परतताना विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

लंडनच्या विद्यापीठाला अनामत भरली असेल तर परताव्याची मुदत आजच पाहा. जमिनीचा इसार घेतला असेल तर परताव्याच्याही आधी वकिलाला भेटा.