अ‍ॅना सुएल यांनी एकच पुस्तक का लिहिलं?

प्रश्न: 'ब्लॅक ब्यूटी' एवढं गाजलं, तरी अ‍ॅना सुएल यांनी दुसरं काहीच का लिहिलं नाही? त्या घोड्यांच्या डॉक्टर वगैरे होत्या का?

डॉक्टर नव्हत्या. आणि दुसरं पुस्तक लिहायला वेळच उरला नव्हता. 'ब्लॅक ब्यूटी', म्हणजे एका घोड्याने स्वतःच्या तोंडून सांगितलेली त्याची गोष्ट, नोव्हेंबर १८७७ मध्ये छापून आलं आणि २५ एप्रिल १८७८ ला बाई गेल्या. वय ५८.

पण मला विचाराल तर लेखिका व्हावं असं त्यांच्या मनात फारसं कधी नव्हतंच. घरात लेखिका होती ती आई. मेरी सुएल यांची पद्यकथांची पुस्तकं तेव्हा प्रचंड खपत, आणि त्यांचं लिखाण तपासायचं काम अ‍ॅनाकडे असे. स्वतःसाठी म्हणून त्यांनी लेखणी धरली ती पन्नाशी उलटल्यावर, एक तक्रार मांडायला.

त्यांचा जन्म १८२० चा, इंग्लंडच्या नॉरफकमधल्या ग्रेट यारमथचा. घर क्वेकर या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाचं. चौदाव्या वर्षी पावसात शाळेतून घरी येताना घसरून पडल्या आणि दोन्ही घोटे दुखावले ते कायमचे. त्यानंतर धड उभं राहणं नाही की लांब चालणं नाही. कुठे जायचं तर छोटी घोडागाडी काढायची. वडिलांना स्टेशनवर सोडणं-आणणंही त्याच करत. त्यांना गाडी हाकताना पाहिलेल्यांनी लिहून ठेवलंय की लगाम हातात नुसता धरलेला असायचा, काय सांगायचं ते घोड्याला तोंडाने सांगायच्या. ज्या बाईचे पाय म्हणजेच घोडा, तिला घोड्याचं दुखणं कळायला डॉक्टर कशाला व्हावं लागतंय!

आता ती तक्रार. त्या काळी बड्या लोकांच्या बग्ग्यांना 'बेअरिंग रेन' नावाचा एक जादाचा लगाम लावायची फॅशन होती. तोंडातल्या कडीपासून निघून तो पाठीवरच्या साजाला आखूड बांधायचा, म्हणजे घोड्याची मान सतत ताठ आणि दिमाखदार दिसते. दिसायला छान, पण आपण जड हातगाडी चढावर ढकलतो तेव्हा मान खाली घालून सगळं अंग पुढे टाकतो की नाही? घोड्यालाही तेच करायचं असतं आणि हा पट्टा नेमकं तेच करू देत नाही. श्वास कोंडतो, तोंडाला फेस येतो, पाठ भरून येते. कादंबरीत एक उमरावीण रोज फर्मावते, घोड्यांची डोकी आणखी वर घ्या, आणि गाडीवान पट्टा एकेक भोक आखूड करत जातो. ते प्रकरण वाचल्यापासून लग्नाच्या वरातीतला सजवलेला घोडा बघताना माझी नजर आधी त्याच्या मानेकडे जाते.

पुस्तक लिहिलं नॉरविचजवळ ओल्ड कॅटन गावात, १८७१ ते ७७ या काळात, बहुतेक सगळं सोफ्यावर पडून. बरं वाटेल त्या दिवशी चिठ्ठ्यांवर पेन्सिलीने चार ओळी खरडायच्या, नाहीतर तोंडी सांगायचं. आई ते सुवाच्य अक्षरात उतरवून काढायची. लहान मुलं तर त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हतीच. घोड्यांशी ज्यांचा रोजचा संबंध, ते मोतद्दार, गाडीवान, तबेल्यातली पोरं, यांनी वाचावं म्हणून लिहिलं. म्हणूनच गोष्ट मध्येच थांबते आणि घोडा भिजून आला तर काय करायचं, हे तुम्हाला कळून जातं.

मला त्यातला सगळ्यात आवडणारा भाग लंडनच्या भाड्याच्या गाड्यांचा. एकदा दाराशी थांबलेल्या एका गाडीवानाशी अ‍ॅनाबाई उघड्या खिडकीतून बोलत बसल्या होत्या. तो रविवारी गाडी काढत नसे. भाड्याच्या घोड्यांचा विचार करता करता गाडीवानांचा विचार करावा लागला, असं त्यांनी लिहून ठेवलंय. त्यातूनच रविवारी गाडी न काढणारा जेरी बार्कर आला आणि त्याच्याच अड्ड्यावरचा सॅमही. सॅम मालकाला गाडी आणि दोन घोड्यांचे दिवसाला १८ शिलिंग देतो, चौदा-सोळा तास राबतो, आणि तुम्ही घोड्यांना दामटता म्हणून लोक त्यालाच बोलतात. शिफ्टने रिक्षा चालवणाऱ्या कुणालाही हे वाचून दाखवा, वेगळं समजवावं लागणार नाही.

पैशाचं म्हणाल तर जॅरोल्ड प्रकाशनाने एकरकमी ४० पौंड दिले. पुढे १८९० मध्ये अमेरिकेत जॉर्ज एंजल या प्राणिमित्राने ते छापून लाखांनी वाटलं-विकलं, पण ते बघायला बाई कुठे होत्या! अंत्ययात्रेची गाडी दाराशी आली तेव्हा तिच्या घोड्यांना तोच मान ताणणारा पट्टा होता. म्हाताऱ्या मेरीबाईंनी तो आधी काढायला लावला, मग गाडी हलली.

वाचायचं असेल तर पूर्ण, ४९ प्रकरणांचं घ्या. मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्त्यांत सॅमवर बहुधा पहिली कात्री चालते.