कांदळाच्या मुळांत फ्लिपिंग आणि पिचिंग : गोव्यात चालतं का?

तुम्ही विचारलंय की बास फिशिंगच्या व्हिडिओंमध्ये दाखवतात ते फ्लिपिंग आणि पिचिंग (आडोशातल्या माशापुढे जवळून आमिष अलगद सोडायच्या दोन पद्धती) आपल्या खाडीत उपयोगी आहे का, आणि स्पिनिंग रीलवर जमेल का.

उपयोगी आहे. पण दोन्हींतलं आधी पिचिंग शिका. फ्लिपिंग गोव्यात क्वचितच लागतं.

बास हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्याचा मासा, मांडवी-जुवारीत त्याची वाट बघू नका. मात्र आडोशाला दबा धरून बसायचं आणि समोर आलेलं गिळून परत आत घुसायचं, ही खोड आपल्या तांबोशीला (कांदळातला लाल स्नॅपर) आणि चोणकाला (कोकणात याला जिताडा म्हणतात) पुरेपूर आहे. गोब्रोचीही (ग्रूपर) खोड तीच.

फ्लिपिंगमध्ये रीलमधून दोरी सुटतच नाही. रॉडच्या लांबीएवढी दोरी बाहेर, रीलपुढची दोरी डाव्या हाताने ओढून धरलेली, आणि रॉडचं टोक उचलून आमिष झोपाळ्यासारखं पुढे सोडायचं. कॅलिफोर्नियात ट्यूल नावाच्या उंच पाणगवतात लांब काठीने आमिष बुडवायची जुनी पद्धत होती. डी थॉमस या तिथल्या मासेमाराने ती रॉड-रीलवर आणली आणि १९७५ मध्ये आर्कान्सॉमधल्या बुल शोल्स तलावावरची स्पर्धा जिंकली, तेव्हापासून सगळे ती करू लागले. पण यात तुम्ही माशापासून जेमतेम दहा-पंधरा फुटांवर असता. तिथे गढूळ पाणी आणि दाट गवत असलं तर निभावतं. आपल्याकडे पावसाळ्यातलं लाल पाणी सोडलं, तर होडीची सावली पडली की तांबोशी आत सरकलीच म्हणून समजा.

पिचिंगने वीस-तीस फुटांवरून काम होतं. आमिष रीलच्या उंचीला लोंबेल एवढी दोरी सोडा. आमिष डाव्या तळहातात, उजवा अंगठा स्पूलवर, म्हणजे दोरी गुंडाळलेल्या चकरीवर (हे बेटकास्टरचं, म्हणजे रॉडच्या वर बसणाऱ्या रीलचं; स्पिनिंगचं शेवटी आहे). रॉडचं टोक पाण्याकडे झुकवा आणि मनगटाने अलगद वर उचला. डाव्या हाताने फेकायचं नाही, नुसतं सोडायचं. आमिष पाण्यावरून वीतभर उंचीने जायला हवं, म्हणजे ओणवलेल्या फांद्यांखालून आत शिरतं. टेकायच्या क्षणी अंगठ्याने स्पूल हलकेच दाबला की 'डुबुक' होत नाही. अंगणात करवंटी ठेवून सराव करा, खाडीवर शिकत बसू नका.

व्हिडिओंत ज्यावर कोणी फारसं बोलत नाही ते पुढे आहे. आमिष पाण्यात पडल्याबरोबर हँडल फिरवलंत किंवा दोरी ताठ धरलीत, तर ते सरळ खाली न जाता तुमच्याकडे झुलत येतं, म्हणजे मुळांपासून दूर. एवढी मेहनत फुकट. म्हणून पडल्यावर हात-दोन हात दोरी ढिली द्या आणि पाण्यात शिरते तिथे नजर ठेवा. बहुतेक चावा खाली जातानाच येतो. हाताला झटका बसेलच असं नाही, दोरी मध्येच थांबते किंवा तिरकी सरकू लागते. तेव्हाच ओढायचं, आणि पहिल्या दोन सेकंदांत माशाचं तोंड बाहेर वळवायचं. ड्रॅग (मासा ओढताना दोरी सुटू देणारा रीलचा ब्रेक) जवळजवळ पूर्ण आवळून ठेवा. मुळांवर कालवं असतात, त्यांना घासली की ब्रेडची (विणलेल्या धाग्यांची) दोरी सुरीने कापल्यासारखी जाते. ५० पौंडांची ब्रेड आणि पुढे हातभर ६० पौंडांचा मोनो लीडर (एकपदरी नायलॉनचा जाड तुकडा), यापेक्षा नाजूक काही नको. आमिष रबरी कोळंबीचं, गरीचं टोक रबरात लपवलेलं, पुढे गोळीच्या आकाराचं १०-१४ ग्रॅमचं वजन. वजन दोरीवर सरकू नये म्हणून त्यात दातकोरणीचा तुकडा खोचा.

वेळ भरती-ओहोटीवर ठरवा, घड्याळावर नाही. पूर्ण भरतीला मासा मुळांत इतका आत जातो की तिथे आमिष पोचवणं कठीण. ओहोटी लागून तास-दीड तास झाला की तो कडेला, पडलेल्या झाडांपाशी, जेटीच्या खांबांपाशी, चिऱ्यांच्या बांधाच्या पायथ्याशी येतो. खाजनातल्या (बांध घातलेल्या खाडीकाठच्या शेतातल्या) मानशीजवळ, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दारांजवळ, तर मेजवानीच असते. ओहोटीला दारं उघडतात आणि पाण्याबरोबर सुंगटं (कोळंबी), बारीक मासळी बाहेर येते. मात्र मानशीवर मासे धरायचा हक्क लिलावाने दिलेला असतो, आधी विचारा. उधाणाच्या दिवसांत ओढ जास्त, तेव्हा जड वजन लावा. मला स्वतःला भांगाचे (अष्टमीच्या आसपासच्या कमी भरती-ओहोटीचे) दिवस आवडतात, आमिष टाकलं तिथेच खाली जातं.

चोडणच्या पक्षी अभयारण्यात गरी घेऊन शिरू नका. आणि कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, कडेने पाण्यात उतरून पिचिंग करायचं धाडस अजिबात नको. होडीतूनच करा.

स्पिनिंग रीलवरही जमतं. बेल (रीलवरची तारेची कमान) उघडून दोरी तर्जनीवर धरायची, आमिष झुलवून सोडायचं आणि तर्जनी स्पूलच्या काठाला लावून वेग मारायचा. नेम थोडा कमी लागतो आणि मोठा मासा वळवताना दम कमी पडतो. ४००० साइजचं रील असेल तर नवीन बेटकास्टर घ्यायची घाई करू नका, पैसे आधी चांगल्या कडक रॉडवर घाला.