वाचक विचारतात: चर्चचा लोगो, द्राक्षाची काडी आणि फुटलेली जोडाक्षरं

प्रश्न: ताई नमस्कार, मी सांगलीचा. आमच्या चर्चला पुढच्या वर्षी 75 वर्षं होतायत आणि कमिटीने लोगोचं काम माझ्यावर टाकलंय, कारण तरुण संघात लॅपटॉप माझ्याकडे आहे. चार डिझाइन केली, कबुतर, ज्वाला, उघडं बायबल आणि क्रूसामागे उगवता सूर्य. पाळकसाहेबांना आवडली पण चर्चचे एक वडील (एल्डर) म्हणाले हे कुठल्याही गावच्या चर्चला चालेल, आपलं काय यात? दुसरे म्हणतात सीएनआयचा, म्हणजे आपण ज्यात आहोत त्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा लोगो आहे की, तोच मोठा करून लावा. आमच्यातली निम्मी घरं तासगाव भागातली द्राक्षबागायतदार आहेत. काय करू?

उत्तर: दादा, ते पहिले वडील तुमच्या कामाला नावं ठेवत नाहीयेत, त्यांनी तुम्हाला अर्धं उत्तर देऊन टाकलंय. कबुतर, ज्वाला वाईट नाहीत, पण ती रेडीमेड मिळतात, आणि रेडीमेड कबुतर बघून कोणाला आपल्या आजोबांची आठवण येत नाही.

आधी सीएनआयचं बोलू. ती मंडळी 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन झाली, तिच्या चिन्हात कमळ, क्रूस आणि प्रभुभोजनाचा प्याला आहे, ते सगळ्यांचं चिन्ह आहे. लेटरहेडवर ते जसंच्या तसं राहू द्या, रंग बदलू नका, त्यात 75 चा आकडा घुसवू नका. 75 व्या वर्षाचा लोगो वेगळा करा आणि शेजारी थोडी जागा सोडून लावा, म्हणजे दुसऱ्या वडिलांचाही मान राहील.

आता तासगावचं. तुम्ही पत्रात ते शेवटी सहज लिहिलंय पण माझ्या मते सगळा लोगो तिथेच आहे. योहानाच्या शुभवर्तमानात 15 व्या अध्यायात द्राक्षवेल आणि फाटे आहेत, छाटणीही आहे. इंटरनेटवर द्राक्ष शोधलं की जांभळा घड, लाकडी टोपली आणि परदेशी पिंप येतं, आणि आपल्याकडे बहुतेक बागांत हिरवा घड असतो, लोखंडी अँगलवर ताणलेल्या तारा असतात. एखाद्या बागेत जाऊन नुसतं उभं राहा, उभा अँगल आणि त्याला छेदणारी आडवी तार, क्रूस तिथे आधीच आहे, वेगळा काढायला लागत नाही. आणि घड काढूच नका असं मी म्हणेन, काडी, म्हणजे वेलाची छाटलेली फांदी काढा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बाग कशी बोडकी दिसते ते तुमच्याकडच्या पोराटोरांनाही माहितीय, मग ऑक्टोबरला फळछाटणी, कापल्या जागी पाण्याचे थेंब येतात, काडीवर कोंब फुटायच्या जागी जे डोळे असतात त्यांना पेस्ट लावतात आणि काही दिवसांत तो डोळा फुगून त्यातून पोपटी कोंब बाहेर येतो. तिरकी कापलेली काडी आणि तिच्यावर फुटणारा एकच डोळा, एवढंच. ज्या घराने अवकाळी पावसात बाग गेलेली बघितलीय त्याला हे चित्र समजावून सांगायला लागणार नाही, आणि ज्यांची शेती नाही त्यांना रविवारच्या शाळेत एकदा सांगितलं की झालं.

अक्षरासाठी फाँट शोधत बसू नका. चर्चच्या भिंतीत कोनशिला असेलच, त्यावर पातळ कागद धरा आणि सहा बी (मऊ काळी) पेन्सिल आडवी घासा, खोदलेली अक्षरं पांढरी उठून येतात. फोटो काढून त्यावरून चर्चचं नाव ट्रेस करा. जुन्या पाथरवटाच्या हाताला जे वळण होतं ते कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये मिळत नाही, मी स्वतः एका चर्चसाठी असं केलंय आणि नाव छापून आल्यावर एक आजी कागदावर नुसतं बोट फिरवत बसल्या होत्या.

कमिटीला दाखवायच्या आधी लोगो फक्त काळ्यात एक इंचाचा प्रिंट काढून बघा, कारण तो रबरी शिक्क्यावर, पावतीपुस्तकावर जाणार आहे. आणि महिला मंडळातल्या कोणालातरी विचारा की वेदीवरच्या कापडावर हे दोऱ्याने भरता येईल का. त्या नाही म्हणाल्या तर रेषा कमी करा.

प्रश्न: मी साताऱ्याची, चर्चमध्ये प्रोजेक्टरचं बघते. गाण्यांच्या स्लाइड म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाहीत अशी तक्रार आहे, मागे डोंगर, समुद्र असे छान फोटो लावते तरी. आणि नाताळच्या फ्लेक्सवर ख्रिस्त हा शब्द फुटून छापला गेला, मला खूप वाईट वाटलं.

उत्तर: ताई, वाईट वाटणारच, बाकी कुठलाही शब्द चुकला असता तर एवढं लागलं नसतं. माझ्याही एका बॅनरवर वेलांटी सुटून पलीकडे गेली होती आणि तो आठवडाभर गेटवर होता, म्हणून सांगते. फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसमध्ये टाइप उघडा, तिथे वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा (जुन्या व्हर्जनला मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन असं लिहिलेलं असतं) आणि नवी फाइल घेऊन टाइप करा, जोडाक्षरं नीट बसतात. टायपिंग युनिकोडमध्येच ठेवा, जुन्या नॉन-युनिकोड फाँटची फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की भलतीच अक्षरं येतात. प्रेसला देताना टेक्स्टचे कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचं चित्र होतं आणि फाँट नसला तरी बिघडत नाही, आणि शेवटचा प्रूफ मोठ्याने वाचा, नुसता बघू नका, डोळा चूक आपोआप दुरुस्त करून घेतो.

स्लाइडचं सांगायचं तर ते फोटो काढा. मला माहितीय मेहनतीने शोधलेत, पण मोतीबिंदू झालेल्या माणसाला लाटेच्या फेसावर पांढरं अक्षर दिसत नाही आणि खिडकीतून ऊन आलं की अजूनच धुवून जातं. गडद साधी पाटी, पांढरं जाड अक्षर, चार ओळी, बस. दोन ओळींत मराठीला इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत अडकतात. मुक्ता किंवा बालू फाँट फुकट मिळतात. ल आणि श मराठी वळणाचे आहेत ना ते बघा, पाकळीचा ल आणि देठाचा श, आपल्या म्हाताऱ्या माणसांचा डोळा त्यावरच बसलेला आहे.

आणि ओळ कुठे तोडता याकडे फार लक्ष द्या. तुम्ही साताऱ्याच्या, ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा संघ तुमच्याच गावात सुरू केला. त्यांचे अभंग आपण गातो ते चरणावर श्वास घेऊन, आणि स्लाइडवर चरण मध्येच तुटला की अख्खी मंडळी तिथे अडखळते. आधी स्वतः म्हणून बघा, जिथे श्वास घ्याल तिथे ओळ तोडा. ध्रुपद दरवेळी परत टाका, मागे जायला लावू नका. टिळक 1919 ला वारले, आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं असतो, त्यामुळे त्यांची गीतं बिनधास्त छापा, नव्या गाण्यांना मात्र परवानगी विचारा.

प्रश्न: लेंटसाठी (ईस्टरआधीच्या उपवासकाळासाठी) जांभळा फ्लेक्स दिला होता, निळा आला. प्रेसवाला म्हणतो मशीन बरोबर आहे. (इस्लामपूर)

उत्तर: तो खरं बोलत असेल. फाइल तुम्ही आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत केली असणार, स्क्रीनवरचा तो चमकता जांभळा शाईत मिळतच नाही. फाइल सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या शाईच्या रंगांत घ्या, मजेंटा (गुलाबी शाई) सायनपेक्षा (निळ्या शाईपेक्षा) स्पष्ट जास्त ठेवा, सायन 70 आणि मजेंटा 100 टक्क्यांपासून सुरुवात करा, आणि पूर्ण फ्लेक्सच्या आधी त्याच मशीनवर एक फुटाचा तुकडा मारून मागा. पेंटेकॉस्टच्या सणाला लागणाऱ्या लाल रंगाचाही तुकडा तेव्हाच काढून घ्या, एका खेपेत होईल.