कपाटातलं पत्र आधी बाहेर काढा

(गेवराई तालुक्यातल्या एका वडिलांनी लिहिलंय: मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्री झाली, 71 टक्के. वाळूजच्या एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे औषधांच्या गुणवत्ता तपासणीला, ट्रेनी म्हणून बोलावणं आलंय. ‘दिवसभर एचपीएलसी मशीनचं बटण दाबायला शिकवलं का? पुण्याला एमपीएससीच्या क्लासला घालतो. तुम्ही तिला समजवा. बोलावण्याचं पत्र मी कपाटात ठेवलंय, तिला अजून सांगितलेलं नाही.’)

दादा, नमस्कार.

मार्क चांगले आहेत, त्यांची काळजी नाही. मी अडकले ते तुमच्या शेवटच्या ओळीवर. बोलावण्याचं पत्र तुम्ही कपाटात ठेवलंय आणि पोरीला सांगितलेलंच नाही. हे मला अजिबात पटलं नाही. तीन वर्षं एसटीनं ये-जा करून तिनं डिग्री घेतली, मुलाखतीलाही तीच गेली. ती रोज वाट बघत असणार, आणि उत्तर घरातच कुलपात पडलंय. तुम्हाला तिचं भलंच हवंय, हे मला कळतं. पण उद्या तिला हे बाहेरून कळलं, तर तुमचा योग्य सल्लाही ती ऐकणार नाही.

एमपीएससी तिला स्वतःला द्यायची असेल तर जरूर द्यावी. पुढे शिकायचं असेल तर एम.एस्सी. आहे, आयआयटीत जायचं तर जॅम परीक्षा आहे.

आता बटणाचं. एचपीएलसी म्हणजे औषधात कुठला घटक किती आहे हे तपासायचं मशीन. त्याचा कॉलम म्हणजे वीतभर लांबीची स्टीलची नळी, आतून साडेचार मिलिमीटरच्या आसपास रुंद, सिलिकाच्या अतिबारीक कणांनी ठासून भरलेली. त्यातून द्रावण ढकलायला पंप शंभर-दोनशे बार दाब देतो. तुमच्या मोटारसायकलच्या टायरात दोन-अडीच बार असतो. गोळी विरघळवून त्याचे काही मायक्रोलिटर आत सोडले, की जो घटक कणांना जास्त धरून राहतो तो उशिरा बाहेर पडतो, कमी धरतो तो लवकर. डिटेक्टर प्रत्येकाचा उंचवटा काढतो, त्याला पीक म्हणतात. पीक कुठल्या मिनिटाला आला त्यावरून घटक ओळखायचा, आणि त्याचं क्षेत्रफळ स्टँडर्डशी, म्हणजे प्रमाण आधीच माहीत असलेल्या नमुन्याशी, ताडून प्रमाण काढायचं. पण आत ढकलायच्या द्रावणाचा पीएच, म्हणजे आम्लपणा, थोडा चुकला किंवा पंपात हवेचा बुडबुडा गेला, तर पीक जागा सोडतो. हा खरा पीक की गडबड, हे मशीन ठरवत नाही, समोर बसलेली केमिस्ट ठरवते. तिच्या रिपोर्टशिवाय गोळ्यांची बॅच कंपनीबाहेर जात नाही. त्यातली एखादी तुमच्या घरीही बीपीसाठी येत असेल.

अडचणीही सांगते. ट्रेनीचा पगार सुरुवातीला कमीच असतो. शिफ्ट असतात. मुलींना रात्रपाळी आहे का, बसची सोय आहे का, राहायचं कुठे, हे कंपनीला नीट विचारा. बापानं धरायचा आग्रह तो हा.

तिला मी समजावणार नाही. तिला फोन लावायला सांगा, तिचं म्हणणं मला तिच्याच तोंडून ऐकायचंय. रुजू व्हायची तारीख 20 आहे असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा पत्र आज संध्याकाळीच तिच्या हातात द्या.